किरणं उतरवणारा माणूस

नोकरीत अनेक प्रकरणं हाताळली, पण त्या सहा वर्षांच्या मुलीचं प्रकरण मनातून जात नाही. मी तेव्हा रायपुरात थाना प्रभारी, म्हणजे पोलीस ठाण्याचा प्रमुख होतो. दुपारी एका नर्सचा फोन आला.

"सर, आमच्या वॉर्डातल्या पोट्टीले तिचा बाप घेऊन गेला. रक्ताचा कॅन्सर आहे, इलाज अर्धवट आहे. आई इथं रडून राहिली. समता कॉलोनीत कोणी अंगात शिरलेली अणूची किरणं उतरवते म्हणे, तिकडंच गेला असंल."

रोजनामच्यात नोंद करून आम्ही निघालो. भाड्याच्या खोलीत मुलगी तापाने फणफणली होती. एक माणूस तिच्या अंगावरून यंत्र फिरवत होता आणि ते टीं-टीं वाजत होतं. मुलीला आईकडे, इस्पितळात पाठवलं; त्या माणसाला आणि बापाला थान्यात आणलं.

तो माणूस बिनधास्त होता. "अणुवीज केंद्राजवळ राहिली म्हणूनच झालं. अस्पताल की दवा से और बढ़ेगा." प्रत्येक प्रश्नाचं उत्तर तयार. मी यंत्र घेऊन ठाण्यातल्या लेखनिकाच्या, मुंशीच्या अंगावरून फिरवलं. आवाज नाही. त्याच्या हातात दिलं, लगेच वाजलं. अंगठ्याखाली बटण होतं. जप्तीचा पंचनामा करून गुन्हा दाखल केला.

बाप मात्र ऐकेना. तो मूळचा विदर्भातला; दूरच्या एका अणुवीज केंद्राजवळ बायको-मुलीसह राहून चार वर्षं वेल्डिंगचं काम केलेला. "साहेब, मीच नेलं तिले तिथं. आता पुन्हा तिच्या अंगात औषधाचं जहर भरू देऊ काय?"

मी त्याला इस्पितळात नेऊन मुलीवर उपचार करणाऱ्या डॉक्टरबाईंसमोर बसवलं.

"मॅडम, त्या केंद्रामुळंच झालं न?"

त्या म्हणाल्या, "काही देशांत अशा केंद्रांजवळच्या लहान मुलांत हा आजार थोडा जास्त दिसला, काही ठिकाणी दिसला नाही. कारण पक्कं कळलेलं नाही. तुमच्या मुलीला कशामुळे झाला, मला माहीत नाही. पण औषध पूर्ण घेतलं तर बरीच मुलं बरी होतात आणि सोडलं तर वाचणं कठीण, हे माहीत आहे."

तो ओंजळीत तोंड घालून रडला. मग म्हणाला, "इलाजाच्या कागदावर सही कुठं करू?"

काही वर्षांनी तो बाप आणि मुलगी गोल बाजारात शाळेचा डबा निवडताना भेटले. "साहेब, पोट्टी पाचवीत गेली!" बाप दुरूनच ओरडला.

चौकशीत 'माहीत नाही' म्हणणाऱ्यावर मी कायम संशय घेत आलो होतो. त्या दिवशी तेच शब्द सर्वांत खरे निघाले आणि त्या बापानेही ते ओळखले. त्या डॉक्टरबाईंचे आणि वेळेवर फोन करणाऱ्या नर्सचे आभार मानायचे तेव्हा राहून गेले. आज हात जोडून मानतो.