आर्डेल मेब्रीच्या हरवलेल्या हरकती

आर्डेल मेब्रीचा या जगात कुणावर म्हणून विश्वास नव्हता. दूधवाला दुधात पाणी घालतो, न्हावी मुद्दाम एक बाजू आखूड कापतो, आणि शेजारी खिडकी उघडी ठेवतो ती केवळ आपलं बोलणं ऐकण्यासाठी, अशी त्याची पक्की खात्री. दक्षिणेतलं मिसिसिपी सोडून शिकागोत आम्ही सगळेच पोटासाठी आलो. हा मात्र अजूनही सांगतो की तिकडचे लोक त्याच्या मागावर होते. कोण लोक, कसला माग, देव जाणे.

दिवसा फाउंड्रीत राबायचा आणि शनिवारी टॉलिव्हरच्या बारमध्ये ब्लूज वाजवायचा. वाजवायचा मात्र असा, की माणसाने तोंडाकडे नेलेला घास तसाच धरून ठेवावा! ब्लूजमध्ये कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणाऱ्या सुरांच्या जुड्या, इनमीन तीन. त्या ठरल्या वाटेने फिरतात आणि पुन्हा पहिल्या घरी येतात. तेवढं कुणालाही जमतं. खरी गंमत असते ती त्या वाटेवर मध्येच बोटं जे काही बोलून जातात त्यात. ती चार-सहा सुरांची हरकत, गिटारवाले तिला लिक म्हणतात, ज्याची त्याची स्वतःची असते. आर्डेलच्या हरकतींसारख्या हरकती अख्ख्या वेस्ट साइडला कुणाकडे नव्हत्या, हे त्याचे दुश्मनसुद्धा मान्य करायचे.

म्हणूनच तर त्याची झोप उडाली होती. पुढच्या टेबलांवर बसलेले सगळे गिटारवाले आपल्या बोटांवर डोळा ठेवून आहेत, असं त्याला वाटायचं. आता, एखादी खास हरकत आली की लोकांकडे पाठ फिरवणारे इतरही होते. आमच्याकडे त्यात कुणी वावगं मानत नाही. पण हा पठ्ठ्या पहिल्या गाण्यापासून शेवटच्या गाण्यापर्यंत भिंतीकडे तोंड करून बसायचा. उठताना खुंट्या पिळून तारा बेसूर करून ठेवायचा, न जाणो कुणी हात लावला तर! एकदा रेकॉर्ड काढायला एक माणूस आला होता. आर्डेलने त्याला दारातूनच घालवलं. म्हणे, "एकदा तबकडीवर गेलं की गावोगावचे चोर घरबसल्या शिकणार."

मग ऐन थंडीत त्याला अर्धांगाचा झटका आला. डावी बाजू लुळी पडली. बायको विनोलाने रबरी चेंडू दाबायला लावून लावून हात पुष्कळसा जागेवर आणला, तेव्हा त्याने गिटार मांडीवर घेतली. तिन्ही कॉर्ड लागल्या. पण हरकतीची जागा आली आणि बोटं नुसतीच थांबली. पुन्हा वाजवलं, पुन्हा तेच. डोक्यात काही नाही, हातात काही नाही. सगळं पुसलं गेलं होतं. टॉलिव्हरने ईस्टरपर्यंत त्याची जागा राखून ठेवतो म्हणून सांगितलं होतं, पण जागेचं काय घेऊन बसलात? हरकती गेल्या तर आर्डेल मेब्री म्हणून उरलं काय? फाउंड्रीतून काढून टाकलेला एक लंगडा माणूस. तो स्नानघराची कडी लावून रडला.

मग शोधाशोध सुरू झाली. बाजारातून गिटार शिकवणारं पुस्तक आणलं. त्यात तारांच्या चित्रांवर काळे ठिपके होते. ठिपक्यांप्रमाणे बोटं ठेवली तर शाळेच्या कवायतीला वाजवतात तसं काहीतरी निघालं. "लिहिणाऱ्याने मुद्दाम चुकीचं छापलंय," म्हणून त्याने पुस्तक फेकून दिलं. नंतर शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या रेकॉर्डी आणून फिरत्या तबकडीवर बोट टेकवून सावकाश ऐकायला लागला. आणि दर रेकॉर्डीत त्याला आपलाच माल सापडायला लागला.

"ऐक, ऐक! हे माझं! चोरलं मेल्याने!"

"अहो, तो माणूस तुमच्या जन्माआधी वाजवून मेलाय," विनोला म्हणाली. "तुमच्या आईच्या पोटात शिरून चोरलं का त्याने?"

शेवटी त्याने नको ते केलं. लाँझो पेटिटच्या घरी गेला. हा लाँझो पलीकडच्या रस्त्यावरच्या बारमध्ये वाजवायचा आणि आर्डेल त्याला चारचौघांत चोर म्हणायचा. लाँझो दारातच म्हणाला, "या, या! बसा. तोंड इकडे करून बसणार की भिंतीकडे?"

"माझ्या हरकती परत दे," आर्डेल म्हणाला.

"काय देऊ?"

"चोरल्यास ना? मग आता दे परत. माझ्याकडे एकही उरलेली नाही."

लाँझो पोट धरून हसला. मग आर्डेलचा तो हात बघून त्याने खुर्ची पुढे केली. "खोटं कशाला बोलू, चोरायला आलो होतो. लागोपाठ दोन हिवाळे पुढच्या टेबलावर बसलो. दिसलं काय, तर तुझं जाकीट! त्याची शिवण पाठ आहे मला, हवी तर शिकवतो."

"म्हणजे कुणाकडेच नाहीत?"

"समोरून बघणाऱ्या कुणाकडेच नाहीत. पण तू ज्या भिंतीकडे बघायचास, तिला स्वयंपाकघराची खिडकी आहे ना? मासे तळून ताटल्या बाहेर सरकवतात ती. मोझेलला विचार. चर्चमध्ये गिटार वाजवते ती. तू कधी चर्चमध्ये फिरकशील तर तुला कळणार!"

मोझेल? टॉलिव्हरची स्वयंपाकीण? आर्डेलला तिचा चेहराही नीट आठवेना. हा लाँझोचा काहीतरी डाव असणार, असं म्हणत म्हणत तो रविवारी दुपारी तिच्या दारात जाऊन उभा राहिला.

ती नुकतीच चर्चमधून आली होती, डोक्यावरची टोपीही काढली नव्हती. तिने त्याला रताळ्याचं सारण भरून भाजलेल्या गोड 'पाय'चा तुकडा वाढला. त्याने आधी हुंगून पाहिला.

"विष नाही घातलं, खा," मोझेल म्हणाली आणि पलंगाखालून गिटार काढून समोर बसली.

तिने तीन कॉर्ड फिरवल्या, आणि दुसऱ्या वळणावर त्याची हरकत वाजवली. त्याचीच! मग आणखी एक, मग पाठोपाठ कितीतरी. आर्डेलच्या हातातला घास तसाच राहिला. मेलेलं माणूस दार उघडून आत यावं तसं झालं त्याला. डोळे पुसायचंही भान राहिलं नाही, आणि मग एकदम तो भडकला.

"चोर! इतकी वर्षं चोर तू होतीस!"

"होते," ती म्हणाली. "आवाज खाली. आणि का होते ते ऐक. पहिलं वर्षभर मला वाटलं, हा माणूस माझ्यासाठी वाजवतोय. एवढी सगळी गर्दी सोडून माझ्याकडे तोंड करून बसतो. शनिवारी केसांना रिबीन बांधून यायचे मी. हसू नकोस."

"हसत नाहीये मी."

"मग मी आजारी पडले आणि माझ्या जागी बहीण आली. परत आल्यावर मी तुला विचारलं, गेल्या शनिवारी मासे कसे होते? तू म्हणालास, नेहमीसारखेच. आर्डेल, माझ्या बहिणीला साधं पाणी उकळता येत नाही रे! तेव्हा कळलं मला. तुला भिंत हवी होती, आणि तुझी भिंत म्हणजे मी. असा संताप आला! म्हटलं, ठीक आहे. मी याच्या लेखी नाहीच ना, मग हा माझ्यापासून लपवणार काय? एकेक करून सगळ्या घरी नेल्या."

आर्डेलला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"आता ही बघ," ती म्हणाली आणि आणखी एक वाजवली. पहिल्या कॉर्डवर परतताना शेवटचा सूर तिने किंचित ओढून सोडला. फार सुंदर होतं ते.

"हे माझं नाही," तो लगेच म्हणाला.

"तुझंच आहे."

"शेवट असा नव्हता."

"मग कसा होता?"

त्याने तोंड उघडलं. काहीच आठवेना. तिने इतकी वर्षं चर्चमध्ये वाजवलं. त्यात त्याचं किती राहिलं, तिचं किती मिसळलं? हवं ते त्याचं म्हणून त्याच्या गळ्यात मारील, आणि तो मरेपर्यंत तेच वाजवत राहील. त्याने तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं. खरं बोलतेय की सूड घेतेय, काही कळेना.

"शपथ घे," तो म्हणाला.

"रविवारी मी शपथा घेत नाही. शिकायचंय की जायचंय?"

आयुष्यात एवढी भीती त्याला कधी वाटली नव्हती. त्याने तिच्या हातातून गिटार घेतली आणि डाव्या हाताचं बोट तारेवर टेकवलं.

"सावकाश सांग," तो म्हणाला.