चेंडू देऊन टाकण्याची नोकरी

माझा पुतण्या लोणावळ्याच्या शाळेत गोलकीपर होता. शिकायला अमेरिकेत गेला आणि तिथे त्याने नऊ वर्षं चेंडूला लाथ मारून पोट भरलं. तिकडच्या फुटबॉलमध्ये संघ पुढे सरकेनासा झाला की याला मैदानात बोलावतात. हा चेंडू लांब उडवून प्रतिस्पर्ध्यांच्या हवाली करतो आणि परत बाकावर जाऊन बसतो.

यंदा संघाने त्याला काढलं. दादाने, म्हणजे त्याच्या वडिलांनी, 'निवृत्त झाला' असं सांगितलं आणि आमच्या गावच्या, टाकव्याच्या भावकीने सत्कार ठेवला. फ्लेक्सवर पुतण्याच्या हातात क्रिकेटची बॅट होती. सरपंचांनी त्याला विश्वविजेता ठरवून फेटा बांधला. खरं बाहेर पडेल या धास्तीने दादा घामाघूम झाला होता.

पुतण्याने भाषणात आपलं काम समजावून सांगितलं, तेव्हा पुढच्या खुर्चीतल्या, भावकीतल्या म्हाताऱ्या आबांनी विचारलं, "पोरा, चेंडू आपला आसताना दुसऱ्याला कशापायी द्यायचा?"

"आबा, आपल्याला जमत नाही म्हटल्यावर लांब मारायचा. म्हणजे त्यांना सगळी वाट चालत यावी लागते."

"आन् लांब न्हाई गेला तर?"

"नोकरी जाते."

"तुजी गेली व्हय?"

दादाने डोळे मिटून घेतले.

"गेली ना, आबा."

आबा म्हणाले, "नऊ वर्सं टिकलास की! आमचं सरपंच पाचात घरी जात्यात."

सगळ्यात मोठ्याने दादा हसला. सरपंच जरा उशिरा हसले.