मोटारीतून उतरलेली वळकटी

मंडळी, वाचनालयाच्या या फळ्यावर मी एरवी नव्या पुस्तकांबद्दल लिहितो. आज वेगळंच लिहितोय.

माझ्याकडे मुंबईच्या एका गिरणीचे थोडे शेअर आहेत. वर्षभर भाव जागचा हलेना, म्हणून दलालाच्या सांगण्यावरून मी तेजी आणि मंदी दोन्ही विकली. म्हणजे समोरच्याकडून आगाऊ पैसे, नजराणा, घेऊन ठरावीक मुदतीचा शब्द दिला. भाव चढला तर माझे शेअर त्याला ठरल्या भावात द्यायचे, पडला तर तेवढेच आणखी त्याच्याकडून त्याच भावात घ्यायचे. काहीच घडलं नाही तर नजराणा निव्वळ नफा. पोलादपुरात राहून काही न घडण्यावर माझा फार भरवसा बसला होता.

आज दुपारी महाडची मोटार आली. तिच्यातून कुडपणचा रामजी उतरला, त्याच गिरणीतला कामगार. शिमगा नाही, गणपती नाही, आणि खांद्यावर वळकटी.

"रजेवर आलास का रे?" मी विचारलं.

"रजा कसली मास्तर, गिरणी बंद हाय. कधी उघडंल म्हायती नाय." मग माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "तुमी कशाला घाबरता? तुमचा पगार चालू हाय."

तो गावाची वाट चढू लागला. त्याच्या घरी अजून कुणाला काही माहीत नव्हतं.

गिरणी बंद म्हणजे भाव पडणार, आणि दिलेल्या शब्दाची मुदत अजून संपलेली नाही. संध्याकाळच्या मोटारीच्या टपावर तर नुसत्या वळकट्याच होत्या.

तुमच्या वाडीत आज कोण परत आलंय? खाली लिहा. कुणीच आलं नसेल, तर ते आधी लिहा.