गप्प जॅकेट

दुकानात टांगलेल्या जॅकेटची बाही काजलने कानाशी धरली आणि हळूच चोळली. पिसं भरलेलं ते जॅकेट ओंजळीत मावेल इतकं हलकं होतं, पण चोळताच सळसळलं. "हे बोलतंय," म्हणत तिने ते परत टांगलं. माझी ही मैत्रीण पारधी समाजातली. बर्फातल्या जनावरांचे माग काढून त्यांची मोजणी करायला ती हिमालयात निघाली होती.

दुकानदार हसला. "ताई, जॅकेट ऊब बघून घेतात. शिकारीला चाललात की काय?"

"आजा जायचा," ती म्हणाली. "तितराला माणूस नंतर दिसतो, कापड आधी ऐकू येतं."

"म्हणजे तुम्ही पारधी?" त्याचं हसू विरलं. नजर तिच्या पिशवीवर गेली आणि तिथेच राहिली.

मला वाटलं, तितराचा कान तरी प्रामाणिक. सळसळ झाली तरच तो दचकतो. आपण नुसत्या नावाला दचकतो आणि त्या दचकण्याला सावधपणा म्हणतो. पिढ्यान्‌पिढ्या म्हणत आलो आहोत. मी काजलचा हात ओढला. "चल, दुसरीकडे घेऊ."

"का? दुसरीकडे काय वेगळी माणसं असतात?"

तिने एकेक बाही कानाशी धरली. सहावं जॅकेट गप्प निघालं. बिलावर नाव काय लिहू, असं दुकानदाराने खाली बघत विचारलं.

"काजल पारधी," दुकानभर ऐकू जाईल अशा आवाजात ती म्हणाली. "गप्प राहायचं काम जॅकेटचं आहे, माझं नाही."