बोगद्यातला अठरावा माणूस

सगळे तिला गाईडताई म्हणत. वडील रेल्वेत गँगमन होते, त्यामुळे रूळ, सिग्नल, वाफेची इंजिनं ती लहानपणापासूनच बघत आलेली. जुनं स्टेशन, इंजिन फिरवायची चकती आणि शेवटी बंद मार्गावरचा बोगदा पाहुण्यांना दाखवायचा, हे तिचं काम. कामाला लागून जेमतेम तीन आठवडे झाले होते.

त्या दुपारी बोगद्यात अठरा जण शिरले. पलीकडच्या तोंडाशी तिनं माणसं मोजली. सतरा. पुन्हा मोजली, तरी सतराच.

"कुणाच्या बरोबरचं कुणी मागे राहिलंय का?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. कुणाचंच कुणी राहिलं नव्हतं. म्हणजे राहिलेला माणूस एकटाच आला होता. तिला राखाडी टोपीवाले म्हातारबा आठवले.

"इथून कुणी हलू नका!" म्हणत ती बॅटरी घेऊन माघारी बोगद्यात धावली. खडीत पाय मुरगळला. "बाबा! ओ बाबा!" हाकेला तिचाच आवाज परत येई. चक्कर आली असेल? छातीत कळ? त्यांच्या घरच्यांना काय तोंड दाखवायचं? नोकरीचा विचार त्यानंतर आला, आणि आला म्हणून तिची तिलाच लाज वाटली.

वळणाजवळ भिंतीतल्या कोनाड्यात म्हातारबा उभे होते. पाठ दगडाला चिकटलेली, डोळे गच्च मिटलेले.

"गाडी गेली का?" त्यांनी विचारलं.

तेवढ्यात दूर शिट्टी वाजली. स्टेशनच्या बागेतली पोरांची आगगाडी! मघाशीही तीच वाजली असणार. आणि मघाशी इथंच उभं राहून तिनं बोगद्यात गाडीखाली माणसं सापडल्याची, जुन्या अपघाताची गोष्ट तिखटमीठ लावून सांगितली होती.

"बाबा, चाळीस वर्षांत इथून गाडी गेलेली नाही."

"माहितीये गं. डोक्याला माहितीये, पाय ऐकेनात."

तिनं त्यांचा हात धरला. पावलापावलानं त्यांना उजेडाकडे नेलं. बाहेर येताच लोकांनी टाळ्या वाजवल्या. "टाळ्या कसल्या वाजवता? पाणी द्या आधी," म्हातारबा खेकसले.

संध्याकाळी तिनं आपण होऊन साहेबांना सगळं सांगितलं. ते तासभर बोलले, पण कामावर ठेवलं. पाहुण्यांच्या मागून, सगळ्यांत शेवटी चालायला एक जोडीदारीणही दिली. अपघाताची गोष्ट ती आता बोगद्याबाहेर, उन्हात उभी राहून सांगते. जोडीदारीण मागे असतेच, तरी वळण आलं की ती थांबून माणसं मोजते.