दुबईला जाऊन आलेला गणपती

घरात एक माणूस बेकार असला की काळजी साठते. सात असले की किस्से साठतात. आमच्या रोह्याच्या घराच्या पडवीत तीन महिने रोज सात बेकार बसत होते, त्यामुळे माझ्याकडे चांगलाच साठा झालाय. मी नवी नवरी. नव्या नवरीला बोलायला कोणी सांगत नाही, चहा आणायला सांगतात. आणि चहाचा ट्रे घेऊन उभ्या असलेल्या बाईसमोर पुरुष काहीही बोलतात.

त्यातले बरेचसे किस्से आता सांगायला हरकत नाही. एक सांगायला मात्र उशीर झाला. तो शेवटी.

*

लग्नाला महिना व्हायच्या आत नवऱ्याची, म्हणजे सागरची, एमआयडीसीतली कंपनी बंद पडली. गेटवर नोटीस लागली आणि त्याच्या प्लँटमधली मंडळी तिथून उठून थेट आमच्या पडवीत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला पुन्हा हजर. फर्स्ट शिफ्टची सवय. दहाला चहा, साडेबाराला डबा. डबा ज्याच्या त्याच्या घरचा! बायकांनी सवयीने भरलेला, यांनी सवयीने आणलेला.

मोरेकाका त्यांचे सुपरवायझर. पडवीतही सुपरवायझरच. एकदा एकजण सव्वासातला उगवला, तर काकांनी नुसतं घड्याळाकडे पाहिलं. तो म्हणाला, "काका, ट्रॅफिक लागलं." तो आमच्या मागच्या गल्लीत राहतो.

सासूबाई आतून मला म्हणाल्या, "कंपनी बंद झाली म्हणतात, ती कुठली गो?"

*

विम्याच्या योजनेतून या सगळ्यांना तीन महिने बेकारी भत्ता मिळणार होता. दर महिन्याला ऑफिसात जाऊन सही करायची, की मी अजून बेकार आहे. आमचं घर त्या भत्त्यावर चाललं होतं आणि सासूबाईंचं इन्सुलिनही.

आणि नेमकी तेव्हाच आमची दुबईची तिकिटं पडून होती. पडवीतला नजीर आहे ना, त्याचा भाऊ आसिफभाई दुबईला असतो. नागोठण्यात पाणी भरलं तेव्हा सागरने त्यांच्या अम्मीला पाठीवर घेऊन बाहेर काढलं होतं. त्याची आठवण ठेवून आसिफभाईंनी लग्नाच्या आहेरात दोघांची तिकिटं, व्हिसा आणि स्वतःच्या घरातली एक खोली, असं सगळं दिलं. कंपनी चालू असताना. तारीख बदलता येत नव्हती.

मोरेकाकांनी निकाल दिला. "भत्ता चालू असताना देशाबाहेर पाऊल टाकलं की भत्ता बंद. वर आधीचा वसूल."

सागरने विचारलं, "असं लिहिलंय कुठं?"

"लिहिलेलं नसतं. लागू असतं."

ऑफिसात एकदा विचारून यावं, असं मी सागरला आत बोलावून म्हटलं. त्याने ते बाहेर सांगितलं. काका म्हणाले, विचारायला गेलं म्हणजे नाव नोंदलं गेलं. सातही जणांना हे इतकं पटलं, की शेवटपर्यंत विचारायला कोणी गेलं नाही. फॉर्म आमच्या कपाटात होता, मराठीत होता. तोही कोणी वाचला नाही. मीसुद्धा नाही, आणि मी बीकॉम आहे.

*

तर गुपचूप जायचं ठरलं. पडवीने नियम केले. फोटो काढायचा नाही. कागद ठेवायचा नाही. सागरचा फोन नजीरकडे राहील, कोणी फोन केला तर तो म्हणेल, सागर आंघोळीला गेलाय. आणि पेणला अजिबात कळता कामा नये.

पेणला म्हणजे माझ्या बाबांना. बाबा पेणच्या एका गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतात. चाळीस वर्षं फक्त डोळे. कारखान्यात दिवसाला पन्नास माणसं येतात आणि बाबा ब्रश चालवताना पन्नासांशीही बोलतात.

आता बाबांचं एक सांगते, नाहीतर पुढचं कळायचं नाही. त्यांच्या कारखान्यातून दरवर्षी एक लॉट परदेशी जातो. बाकीच्या गणपतींची नजर बाबा सरळ समोर ठेवतात. परदेशी जाणाऱ्यांची मात्र एक केसभर खाली. लहानपणी मी कारण विचारलं होतं. ते म्हणाले, "बाहेर बघण्यासारखं फार असतं गो. यानं घरातल्या माणसांकडं बघावं."

बाबा स्वतः पनवेलच्या पुढे चार वेळा गेले असतील. पण परदेशातून कोणी आलं की पहिला प्रश्न तोच. "आमचे बसतात का हो तिकडं?" कोणी म्हणायचं, बसतच असतील. कोणी म्हणायचं, मी मॉलमध्येच होतो. चाळीस वर्षांत, मी पाहिला, असं म्हणणारा एकही माणूस त्यांना भेटला नाही.

*

आमच्या गैरहजेरीत शेजारच्या काकूंनी चौकशी केली. सासूबाई म्हणाल्या, जोडपं जेजुरीला गेलंय. त्याच काकूंना पडवीतून मोरेकाकांनी सांगितलं, कोल्हापूरला, ज्योतिबाला. आम्ही परत आलो तेव्हा काकू दारातच उभ्या होत्या, प्रसाद मागत. सागरने बॅगेत हात घातला आणि जे हाताला लागलं ते दिलं.

काकूंनी ते उलटसुलट करून पाहिलं. म्हणाल्या, "ज्योतिबाला खजूर कधीपासून वाटायला लागले?"

सासूबाई म्हणाल्या, "गर्दी वाढलीय ना आता."

*

दुबईबद्दल मला विचाराल तर सांगण्यासारखं थोडं आहे, कारण दाखवण्यासारखं काहीच नाही. जगातल्या सगळ्यात उंच इमारतीसमोर आम्ही दोघं उभे राहिलो. आजूबाजूला सगळे हात लांब करून स्वतःचे फोटो काढत होते. आम्ही हात मागे बांधून उभे. एका बाईने इंग्रजीत विचारलं, तुमचा काढून देऊ का? सागर इतक्या घाईने नको म्हणाला, की तिला वाटलं आमचं भांडण झालंय. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला.

माझ्या हातावरची मेंदी तेव्हा नखांपुरती उरली होती. हनिमूनचा आमच्याकडे एकही फोटो नाही.

*

तिसऱ्या दिवशी आसिफभाईंनी जुन्या बाजारात नेलं. देवळाजवळच्या गल्लीत हार, उदबत्त्या, पूजेचं सामान अशी दुकानं आहेत. एका दुकानाच्या काचेच्या कपाटात, वरच्या फळीवर, समयांच्या मागे एक गणपती होता. वीतभर उंचीचा.

त्याची नजर खाली होती. एक केसभर.

मी हललेच नाही. सागर म्हणाला, सगळे गणपती सारखेच दिसतात. मी म्हटलं, तुला दिसतात. दुकानदाराने मूर्ती काढून हातात दिली. हिंदीत म्हणाला, गेल्या वर्षीचा आहे, सगळे गेले, हा एकच राहिला. बैठकीखाली बाबांच्या कारखान्याचं लेबल होतं, त्यावर दुबईच्या दुकानाचं स्टिकर.

मला तिथून तेव्हाच्या तेव्हा फोन करायचा होता. बाबा, मी पाहिला. बसतात. सागर माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या चेहऱ्यावर मला सासूबाईंचं इन्सुलिन दिसलं. मी फोन पर्समध्ये ठेवला.

गणपती आम्ही विकत घेतला. सागरने बिल दुकानाबाहेर फाडलं. लेबल आणि स्टिकर दोन्ही आसिफभाईंच्या बेसिनमध्ये भिजवून नखाने खरवडून काढली. पडवीचा नियम, कागद ठेवायचा नाही. खरवडायला मीच मदत केली. माझी नखं मोठी होती.

*

येताना विमानतळावर बॅग उघडायला लावली. साहेब मराठी निघाले. टॉवेल सोडला आणि आत गणपती.

"दुबईहून लोक सोनं आणतात. तुम्ही हे काय आणलंत?"

सागर घाबरून खरं बोलला. "साहेब, पेणचा आहे. पेणलाच चाललाय."

साहेबांनी एकदा मूर्तीकडे पाहिलं, एकदा सागरकडे. "का? पेणला कमी पडले?"

बॅग बंद करायला त्यांनीच मदत केली.

*

गुढीपाडव्याच्या आदल्या दिवशी बाबा न कळवता रोह्याला आले. पिशवीत वालाच्या शेंगा होत्या. बाहेरच्या खोलीत गणपती फडताळावर होता, एरवी मी त्याच्यावर रुमाल टाकून ठेवायची, ते त्या दिवशी नेमकं राहिलं. बाबा पाण्याचा तांब्या हातात घेऊन त्याच्यासमोर थांबले.

"हा कुठनं आणलास गो?"

दार उघडं होतं. पडवीत सातजण. बोलणं थांबलेलं. शेवटची सही दहा दिवसांवर होती.

मी म्हटलं, "पेणलाच घेतला. बाजारात. मागच्या वर्षीचा उरलेला होता."

बाबांनी मूर्ती हातात घेतली, उजेडाकडे धरली. अंगठ्याने डोळ्यांच्या खालची कड पुसली. मग उलटी करून बैठक पाहिली. तिथे काहीच नव्हतं, नखांचे ओरखडे सोडून.

"म्हणजे हा गेलाच नाय," ते म्हणाले.

मी गप्प. सासरी माझं कौतुकच आहे, सून गप्प असते म्हणून.

चहा त्यांनी घेतला. स्टेशनवर सोडायला मी एकटी गेले. तेव्हा तरी सांगता आलं असतं. ते बाकावर बसून म्हणाले, मालक दरवर्षी सांगतो, बाहेरचा लॉट हाय, नीट कर. मी नीट करायचो. पेणच्या बाजारात जायचे होते तर त्यानं तसं सांगायचं ना. गाडी आली. ते चढले. मी हात केला.

*

भत्त्याचे तीन महिने संपले. शेवटच्या सहीला मी सागरबरोबर गेले. सही झाल्यावर मीच खिडकीवरच्या माणसाला विचारलं, भत्ता घेताना कोणी परदेशी फिरून आलं तर?

त्यांनी चष्मा वर केला. "तिकडं नोकरी केली का?"

"नाही. फिरून आलं."

"मग आम्हाला काय सांगता? फोटो दाखवा घरच्यांना." आणि फॉर्म पुढे सरकवला. "यात तसं कुठं लिहिलंय दाखवा."

मी तिथेच उभ्याने वाचला, दोन्ही बाजूंनी. पडवीत येऊन सागरने सांगितलं तेव्हा मोरेकाकांनी घड्याळाकडे पाहिलं. मग म्हणाले, "नवीन फॉर्म असेल."

*

सागरला नागोठण्याच्या बाजूला काम मिळालं. पडवी रिकामी झाली. पहिल्या रविवारी आम्ही गणपती टॉवेलात गुंडाळून पेणला गेलो.

कारखान्यात बाहेरचा लॉट चालला होता. बाबा खाली बसून डोळे करत होते, रांगेने. मी त्यांच्या खांद्यावरून पाहिलं. सगळे गणपती सरळ समोर बघत होते.

"बाहेरचा लॉट ना हा?" मी विचारलं.

"तसं म्हणतात," ते म्हणाले. "आता सगळ्यांचे सारखेच करतो. टाईम वाचतो."

मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं. तिकिटं, भत्ता, मोरेकाका. ज्योतिबाचे खजूर ऐकून ते हसलेसुद्धा. सागरने पासपोर्ट काढून शिक्का दाखवला. बाबांनी तो लांब धरून नीट वाचला. "तुम्ही जाऊन आलात, बरं केलंत," म्हणाले.

मग मी गणपतीचं सांगितलं. गल्ली, दुकान, काचेचं कपाट, वरची फळी, पुढे समया. सगळे गेले, हा एकच राहिला, असं तो दुकानदार म्हणाला तेही. ब्रश हातात तसाच धरून ते शेवटपर्यंत ऐकत होते. मध्ये एकदाच त्यांनी विचारलं, "फोटो?" सागर खाली बघायला लागला. थोड्या वेळाने म्हणाले, "पावती तरी असंल." मग त्यांनी आमचा गणपती उलटा केला आणि ओरखड्यांवरून बोट फिरवलं.

"लहानपणापासून तुला खोटं बोलता येत नाय गो," बाबा म्हणाले. त्यांचा आवाज अगदी मऊ होता. "पण माझ्यासाठी एवढं मोठं रचलंस."

त्यांनी माझ्या डोक्यावर कोपराने थोपटलं, बोटांना रंग होता म्हणून. मग पुढची मूर्ती पुढ्यात ओढली आणि तिचे डोळे केले. सरळ.