कोपऱ्याचा प्लॉट

आमचा म्हातारा प्लॉटाचा दलाल होता. लोणारच्या रस्त्याले शेठनं लेआउट टाकलं, तवापासून त्याच्याच मांगं. इतवारी गिऱ्हाईक ये, म्हनून शनिवारी मी एकटी गवत उपटून, चुन्याच्या रेघा मारून ठेवत होती. त्याची रोजी नाई. दलालाची बायको ना मी!

गिऱ्हाइकाले हा मोठ्या ऐटीत सांगे, "भाऊ, पयले नकाशा पाहा, सात-बारा पाहा, मंगच पैसा द्या." लोकं म्हनत, मानूस इमानदार हाय. हाव, लोकायसाठी होता.

शेठ त्याले कमिशन अर्धंच दे. "बाकीचं राहू द्या भाऊ. कोपऱ्याचा प्लॉट तुमचा. म्हातारपनाची सोय." नोकरीवाल्याले पेन्शन असते, दलालाले काय असते? म्हनून हा खुश. स्टॅम्पावर चार ओळी लिहून आनल्या अन् माह्या लुगड्याच्या पेटीत ठेवल्या.

मी म्हनलं, "रजिस्ट्री करून घ्या. नकाशा तरी पाहा."

"शेठले कागद मागू? भरोसा ठेवते तो माह्यावर! तुले काय समजते वं?"

मले गवत समजत होतं. कितीक वर्सं त्या कोपऱ्यातलं गवत आपलं समजून मुळासकट काढलं.

मंग त्याचे गुडघे गेले. फिरनं बंद, तर कमाई बंद. प्लॉट इकाले काढला. सुलतानपूरचा एक मास्तर आला. म्हातारा जलमभर जे सांगे तेच त्यानं केलं, पयले नकाशा पायला. आमचा कोपरा नकाशात हिरवा. साऱ्या लेआउटची मोकळी जागा, बगिच्याची. कोनालेच इकता येत नाई.

म्हातारा काठी टेकत शेठकडं गेला. मीबी गेली. शेठ म्हने, "पाहू ना भाऊ, घरचेच मानसं तुमी. चहा घ्या."

अन् यानं चहा पेला! बशीतला शेवटचा घोटबी सोडला नाई. शेठचा आला नाई इतका राग मले याचा आला. मरेपर्यंत म्हने, शेठ पाहीन काहीतरी.

औंदा त्या कोपऱ्यात बगिचा करून राह्यले. गवत काढाले शेठनं मलेच बोलावलं. घरात पीठ नव्हतं, गेली.

"काकू, तुमचीच जागा समजा. तुमच्या म्हातारपनाचं पाहू काही."

"पाहू नका शेठ," मी म्हनलं. "सांजच्याले रोजी हातात द्या. नाई तर हा इळा घ्या अन् तुमीच बसा गवतात."

त्याचेच गडी हासले. सांज व्हायच्या आंधी त्यानं नोट काढून देल्ली. मी त्याच्यासमोरच ती उजेडात धरून पायली, उलटी पायली, सुलटी पायली. मंगच उठली.